एकावरच भार नको: भजनाच्या आवाजावर दोन-तीन कॉम्प्रेसर एकामागोमाग

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन असतील तर लावा. बसमध्ये असाल आणि हेडफोन घरी राहिले असतील तरी हरकत नाही, कारण आजचा अर्धा विषय मोबाईलच्या स्पीकरचाच आहे.

आज कॉम्प्रेसर. पंक्चरवाल्याकडचा नाही, आवाजाचा. आणि तोही एकच नाही, एकाच आवाजावर एकामागोमाग लावलेले दोन-तीन. मिक्सिंग शिकणाऱ्या पोरापोरींचा नेहमीचा प्रश्न असतो: ट्रॅकवर एक कॉम्प्रेसर आधीच आहे, त्याच्यापुढं दुसरा लावला तर चालतं का? आवाज दोनदा दाबला जाणार नाही का?

चालतं. पुष्कळदा एकापेक्षा दोन बरे पडतात. अट एवढीच की प्रत्येकाला वेगळं काम दिलेलं असावं, आणि ते काम तुम्हाला एका वाक्यात सांगता यावं. सांगता आलं नाही, तर तो कॉम्प्रेसर काढून टाका. पुढच्या वीसेक मिनिटांत मी हेच उलगडून सांगणार आहे.

उदाहरणाला भजन घेतलंय. एक तर मी हिंगोली जिल्ह्यातला, आणि माझ्याकडं मिक्सिंगला येणारं निम्मं काम भजनी मंडळांचं असतं. परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव मानलेलं नरसी आपल्याच जिल्ह्यात. नामदेवांच्या कीर्तनाला देऊळ फिरलं असं जिथं सांगतात, ते औंढा नागनाथही इथलंच. गावोगाव काकडा, हरिपाठ, सप्ताह चालू असतात. दुसरं कारण, कॉम्प्रेसरसाठी वारकरी भजनाइतका अवघड पेपर मी तरी पाहिला नाही. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. यातली पुष्कळ रेकॉर्डिंग पुन्हा होत नाहीत. सत्तरी ओलांडलेले बुवा एका पहाटे जे गाऊन गेले, ते तेवढंच. नातवाच्या मोबाईलमध्ये जी फाईल उरते, तीच त्यांची आठवण. त्या फाईलमध्ये त्यांचा जोर आणि त्यांचा श्वास राहतो की जातो, हे मिक्स करणाऱ्याच्या हातात असतं.

०३:१० – कॉम्प्रेसर नेमकं करतो काय

ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं दम धरा.

कॉम्प्रेसर म्हणजे आपोआप आवाज कमी करणारा हात. मिक्सरच्या फेडरवर तुमचा हात आहे असं समजा. गायक जोरात गेला की तुम्ही फेडर खाली घेता, हळू झाला की परत जागेवर आणता. कॉम्प्रेसर हेच करतो, फक्त तुमच्यापेक्षा कितीतरी लवकर.

त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. थ्रेशोल्ड, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर गेल्यावर हात हलवायचा. रेशो, म्हणजे किती दाबायचं. ४:१ म्हटलं की थ्रेशोल्डच्या वर ४ डीबी चढलेला आवाज १ डीबीच चढू द्यायचा. अटॅक, म्हणजे दाबायला किती वेळ घ्यायचा. रिलीज, म्हणजे सोडायला किती वेळ घ्यायचा. सगळ्यात शेवटी मेकअप गेन. दाबल्यामुळं एकूण आवाज बारीक झाला, तो परत वर उचलायचा.

यातल्या अटॅक आणि रिलीजकडं लक्ष ठेवा. एका कॉम्प्रेसरला अटॅक एकच असतो आणि रिलीजही साधारण एकच. सगळी अडचण तिथंच आहे.

०५:२५ – भजनात अडचण कुठं येते

भजन कसं सुरू होतं ते आठवा. बुवा खालच्या स्वरात, संथ, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखं सुरू करतात. टाळ हलके. मग धृपद टाळकरी उचलतात, लय वाढते, बुवा वरच्या सप्तकात जातात आणि एखादी अशी हाक मारतात की माईकपासून चार बोटं मागं सरकले तरी मीटर लाल होतो.

आता आकडे धरू. हे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळे येतील. मीटरवर ० म्हणजे छत. समजा बुवांची हळू ओळ उणे ३० डीबीवर आहे, नेहमीचं गाणं उणे २० वर आणि हाक उणे ८ वर. हळू ओळ आणि हाक यांत २२ डीबीचं अंतर. २० डीबीचा फरक म्हणजे आवाजाच्या तरंगाची उंची १० पट, एवढं लक्षात ठेवा. म्हणजे हा फरक १० पटीहूनही जास्त झाला.

मंडपात समोर बसून ऐकताना हे अंतर गोड लागतं. तेच ट्रॅक्टरवर, एसटीत किंवा चुलीपुढं भाकरी थापताना मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. हळू ओळ गायब. म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि तेवढ्यात हाक येते. स्पीकर फाटल्यासारखा होतो. तो भजन बंद करून दुसरं काहीतरी लावतो. अंतर कमी करावंच लागतं. समजा आपल्याला ते १० डीबीच्या आसपास आणायचंय.

एकाच कॉम्प्रेसरनं करून बघू. थ्रेशोल्ड उणे २०, रेशो १२:१. हाक थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर आहे, ती १ डीबीच वर राहील, म्हणजे उणे १९. हळू ओळ उणे ३० वरच. अंतर ११ डीबी. कागदावर काम फत्ते!

आता ऐका. हाक आली की हा कॉम्प्रेसर क्षणात ११ डीबी खाली ओढतो. हाक संपली की त्याला ११ डीबी परत वर चढायचंय. रिलीज चटकन ठेवली, तर त्या चढाईत बुवांचा श्वास, मागचे टाळ, मंडपातला पंखा, सगळं फुगून वर येतं. पुढची हाक आली की परत खाली. आवाज भात्यासारखा वरखाली होतो. याला पंपिंग म्हणतात. रिलीज संथ ठेवली, तर हाकेच्या पाठोपाठचा हळू शब्द त्या दाबाखालीच सापडतो आणि ऐकूच येत नाही. भजनात अर्थाचा शब्द नेमका तिथंच असतो.

चटकन ठेवा नाहीतर संथ ठेवा, दोन्हीकडून मार. एकाच हाताला दोन वेगवेगळ्या वेगांची कामं सांगितलीत, तो तरी काय करणार?

०८:४० – पूर्णेवरची दोन धरणं

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. पूर्णा नदीवर आधी येलदरीचं धरण, परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. त्याच नदीवर खाली आलं की सिद्धेश्वर, आपल्या औंढा तालुक्यात. येलदरी मोठं, मुख्य साठा तिथं, वीजही तिथं होते. सिद्धेश्वर त्याच्या खाली, येलदरीतून आलेलं पाणी धरायचं आणि कालव्यांना द्यायचं हे त्याचं काम. वसमतकडच्या हळदीला आणि उसाला हा कालवा काय आहे, हे तिकडच्या पोरांना सांगायला नको.

एक धरण असताना दुसरं कशाला, असं कोणी विचारत नाही, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. आणि खालच्या धरणाकडं नदीचा मूळ लोंढा येत नाही, वरच्यानं आधी आवरलेलं पाणी येतं.

कॉम्प्रेसर एकामागोमाग लावले की हेच होतं. दुसऱ्याला मूळ आवाज दिसतच नाही, पहिल्यानं आवरून पुढं पाठवलेला आवाज दिसतो. म्हणून त्याला दचकून हालचाल करावी लागत नाही. उदाहरण ताणू नका मात्र. धरण पाणी साठवून नंतर देतं, कॉम्प्रेसर काही साठवत नाही. जे दाबलं ते गेलं.

१०:१५ – तेच अंतर, तीन टप्प्यांत

बुवांचा तोच ट्रॅक घ्या.

पहिला टप्पा हाताचा. कॉम्प्रेसर लावायच्या आधी ट्रॅक डोळ्यांनी बघा. हाका कुठं आहेत ते तरंगावर दिसतंच. तेवढे तुकडे कापून ४ डीबी खाली घ्या, सुरुवातीची हळू ओळ ३ डीबी वर घ्या. हाक उणे १२, हळू ओळ उणे २७. अंतर २२ वरून १५ वर आलं आणि अजून एकही कॉम्प्रेसर लागला नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण यात पंपिंग नाही, अटॅक-रिलीज नाही. सगळ्यात स्वच्छ दाब हाताचाच.

दुसरा टप्पा, चपळ कॉम्प्रेसर. थ्रेशोल्ड उणे १६, रेशो ४:१, अटॅक १ ते ३ मिलिसेकंद, रिलीज ५० ते ८०. याचं काम एका वाक्यात: हाकेचं टोक पकडायचं आणि लगेच सोडायचं. हाक उणे १२ वर, म्हणजे थ्रेशोल्डच्या ४ डीबी वर. ती १ डीबी वर राहील, उणे १५. ३ डीबीचा दाब. नेहमीच्या गाण्याला हा हातही लावत नाही, कारण ते उणे २० वर आहे.

तिसरा टप्पा, संथ कॉम्प्रेसर. थ्रेशोल्ड उणे २१, रेशो २:१, अटॅक १० ते ३० मिलिसेकंद, रिलीज २०० ते ५००. याचं काम: अख्ख्या ओळीला एका पातळीवर बसवायचं. हाक आता उणे १५ वर आलेली आहे, ती उणे १८ होईल. परत ३ डीबी. नेहमीचं गाणं जेमतेम अर्धा डीबी दबेल.

हिशोब बघा. हळू ओळ उणे २७, हाक उणे १८. अंतर ९ डीबी. आपल्याला हवं होतं १० च्या आसपास. आणि कोणत्याही कॉम्प्रेसरनं ३ डीबीपेक्षा जास्त ओढलेलं नाही. ३ डीबीची चढउतार कानाला सहसा खटकत नाही, ११ डीबीची लगेच खटकते. एकूण काम जवळपास तेवढंच झालं, फक्त वाटून घेतलं.

एक गणित लिहून ठेवा. दोन्ही कॉम्प्रेसर एकदम दाबत असतील तेव्हा त्यांच्या रेशोंचा गुणाकार होतो. ४:१ च्या पुढं २:१ म्हणजे त्या वेळेपुरतं ८:१. आवाज ८ डीबी चढला, पहिल्यानं २ केला, दुसऱ्यानं १. बेरीज करून ६:१ म्हणू नका. म्हणून एकामागोमाग लावताना प्रत्येकाचा रेशो एकट्यानं वापरला असता त्यापेक्षा कमी ठेवायचा. ४:१ चे तीन लावले तर ६४:१ होतं. त्याला भिंत म्हणतात, मिक्स नाही.

१३:०० – ही जोडी आली कुठून

आधी चपळ, मग संथ. ही जोडी मी शोधलेली नाही, स्टुडिओवाल्यांची जुनी आहे. प्लगिनच्या यादीत दोन नावं सारखी दिसतात, ११७६ आणि एलए-२ए.

११७६ हे बिल पुटनम यांचं यंत्र, १९६७ चं. त्यात आवाज कमी करायला ट्रान्झिस्टर वापरलाय, त्यामुळं ते फार चपळ. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद. मायक्रो! म्हणजे त्याचा सगळ्यात संथ अटॅकसुद्धा १ मिलिसेकंदाच्या आत. गंमत म्हणजे त्याची बटणं उलटी आहेत, उजवीकडं फिरवलं की वेग वाढतो. प्लगिनमध्येही बऱ्याच ठिकाणी तसंच ठेवलंय, तेव्हा आकडा बघून फसू नका.

एलए-२ए हे टेलिट्रॉनिक्सचं, जेम्स लॉरेन्स यांनी बनवलेलं, १९६० च्या दशकातलं. त्यात आवाजानं एक छोटी प्रकाशपट्टी उजळते आणि तिच्यासमोर उजेड ओळखणारा रेझिस्टर बसवलेला असतो. आवाज मोठा, उजेड जास्त, दाब जास्त. हा उजेड ओळखणारा भाग झटकन विसरत नाही. निम्मा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला सुटायला अर्ध्या सेकंदापासून ५ सेकंदांपर्यंत लागतात. औंढ्याला भर उन्हातून देवळात शिरून खाली गाभाऱ्यात उतरलात की सुरुवातीला काही दिसत नाही, मग हळूहळू दिसायला लागतं ना? डोळ्यांचं जसं होतं तसंच काहीसं इथं. ज्यानं जास्त वेळ उजेड बघितलाय, त्याला जास्त वेळ लागतो.

एक टोकं पकडतो, दुसरा ओळ सावरतो, म्हणून दोघं मिळून गाण्याच्या आवाजावर इतकी वर्षं टिकले. ही महागडी यंत्रं किंवा त्यांची प्लगिनं पाहिजेतच असं नाही. रीपरमधल्या साध्या रीआकॉम्पच्या दोन प्रती घ्या, एकीला चपळ आकडे द्या, दुसरीला संथ. मोबाईलवरच काम करत असाल तर बँडलॅबमध्येही कॉम्प्रेसर आहे.

१५:२० – क्रम आणि मेकअप गेन

आधी संथ आणि मग चपळ लावलं तर? तेही लोक करतात. संथवाला आधी असेल तर त्याला हाकेचं कच्चं टोक दिसतं. त्याचा अटॅक संथ, म्हणून टोक निसटून जातं, पण दाब मात्र लागतो आणि तो सावकाश सुटतो, त्यामुळं पुढचे शब्द खाली बसतात. टोकं फार उंच असतील, आपल्या भजनात असतात, तर चपळ आधी. गायकाचा आवाज आधीच सरळ असेल आणि मधूनच एखादा "प", "ट", "क" उडी मारत असेल, तर संथ आधी आणि चपळ नंतर पहारेकरी म्हणून. दोन्ही क्रम करून ऐका, पाच सेकंदांचं काम आहे.

मेकअप गेनची गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. वरच्या हिशोबात मी मधे कुठंही मेकअप गेन दिला नाही. पहिल्या कॉम्प्रेसरवर तुम्ही ३ डीबी मेकअप दिला, तर दुसऱ्याकडं येणारा सगळा आवाज ३ डीबी वर आलेला असेल. त्याचा थ्रेशोल्ड उणे २१ वरच ठेवला, तर तो नेहमीच्या गाण्यालाही धरून बसेल. थ्रेशोल्ड उणे १८ करा, हिशोब परत जुळतो. बरेच प्लगिन आपणहून मेकअप देतात, "ऑटो" असं बारीक लिहिलेलं असतं. ते आधी बंद करा.

१७:०० – टाळ आणि पखवाज

आता जे पुस्तकी उदाहरणांत येत नाही पण आपल्याकडं रोज येतं ते बघू. बुवांच्या माईकमध्ये फक्त बुवा नसतात. शेजारी पखवाज, मागं वीस टाळकरी.

टाळेचा आवाज टोकदार असतो. चपळ कॉम्प्रेसरला टाळ आणि गळा यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त पातळी कळते. टाळ वाजली की तो बुवांनाच दाबतो. ऐकताना वाटतं बुवा टाळेच्या तालावर थरथरतायत. यासाठी कॉम्प्रेसरच्या कानाला फिल्टर लावता येतो. लक्षात घ्या, आवाजाला नाही, कानाला. रीआकॉम्पमध्ये लोपास आणि हायपास असे दोन सरकते दांडे आहेत. लोपास ४ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास आणा, कॉम्प्रेसरला टाळेची धार कमी ऐकू जाते. हायपास १०० ते १५० च्या आसपास चढवा, पखवाजाच्या धुमाचा मार कमी लागतो. दोन्ही कॉम्प्रेसरवर हे वेगवेगळं करा.

पखवाजाच्या ट्रॅकवर एक वेगळी खबरदारी. १०० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांत पुरं होतं. अटॅक अगदी कमी आणि रिलीज १० मिलिसेकंदांच्या खाली ठेवली, तर कॉम्प्रेसर त्या एकेका आवर्तनामागं धावायला लागतो. धूम घुमायच्या ऐवजी खरखरते. तिथं चपळपणा कमी करा.

आणि एक गोष्ट दोन कॉम्प्रेसर लावून किंवा पाच लावूनही सुटत नाही. एकूण ६ डीबी दाबून ६ डीबी मेकअप दिलात, की गायक थांबल्यावरच्या रिकाम्या जागेतले टाळ, पंखा, जनरेटर ६ डीबी वर येणारच. एकानं केलं काय आणि तिघांनी केलं काय. त्याचा इलाज रेकॉर्डिंगच्या वेळीच. माईक बुवांच्या जवळ, टाळकऱ्यांकडं माईकची पाठ. ते जमलं नसेल तर ओळींच्या मधल्या जागा हातानं खाली घ्या. पूर्ण गप्प करू नका. भजनात टाळ एकदम नाहीशी झाली की लाईट गेल्यासारखं वाटतं.

१९:३० – तुमच्या आधीचे आणि नंतरचे कॉम्प्रेसर

आतापर्यंत आपण आपल्याच कॉम्प्रेसरबद्दल बोललो. पण साखळी तुमच्यापासून सुरू होत नाही आणि तुमच्यापाशी संपतही नाही.

समजा सप्ताहातलं कीर्तन मोबाईलवर रेकॉर्ड झालंय. मंडपातल्या साऊंडवाल्यानं त्याच्या मिक्सरवर किंवा ॲम्प्लिफायरवर लिमिटर लावलेला असू शकतो. तो आवाज भोंग्यातून बाहेर आला. मोबाईलच्या माईकमागं बहुतेक वेळा आपोआप आवाज सांभाळणारी सोय चालूच असते, तोही कॉम्प्रेसरचाच भाऊ. मग तुम्ही दोन लावलेत. सगळी वाद्यं एकत्र केल्यावर शेवटी एक हलका, १ ते २ डीबीचा. त्याच्यापुढं लिमिटर. आणि ऐकणाऱ्याच्या मोबाईलमध्ये स्पीकर जळू नये म्हणून आवाज आवरणारं सर्किट, ब्लूटूथ स्पीकरमध्येही तसंच काहीतरी. मोजा. सहा-सात झाले की नाही? दुसरा लावला तर चालतं का असं विचारणारा सुद्धा रोज सहा-सातांमधून गेलेला आवाज ऐकतोय!

म्हणून फाईल हातात आली की पहिल्यांदा बघा, ती आधीच किती दबलेली आहे. तरंग विटेसारखा सपाट दिसत असेल, हळू ओळ आणि हाक सारख्याच उंचीची असेल, तर तुमचा चपळ कॉम्प्रेसर तिथं बेकार आहे. टोकंच उरली नाहीत, पकडणार काय? अशा फाईलला संथवाला २ डीबी आणि थोडा ईक्यू पुरे. आणि रेकॉर्डिंग तुमच्या हातात असेल, तर अ‍ॅपमध्ये "ऑटो गेन" बंद करायची सोय आहे का ते बघा, पातळी कमी ठेवून हातानं सेट करा. हाकेला उणे १० च्या वर जाऊ देऊ नका.

शेवटच्या टोकाचंही तेच. "पण दुसऱ्यांचं भजन यूट्यूबवर मोठं वाजतं," असं म्हणून लिमिटर ठोकत बसू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं. हे सरासरी मोठेपणा मोजायचं एकक आहे. यूट्यूबही साधारण त्याच पातळीच्या वरचं खाली आणतं, मात्र हळू असलेलं वर उचलत नाही. म्हणजे उणे ८ वर चिरडून चढवलेलं भजन शेवटी खालीच येणार. मोठेपणा गेला आणि चिरडलेपण राहिलं. उणे १४ च्या जवळ या, लिमिटरचं छत उणे १ वर ठेवा, बस्स.

२२:४० – कानानं तपासायचं कसं

आकडे सुरुवातीला आधार म्हणून ठीक, निकाल कानाचा. मी प्रत्येक भजनाला चार गोष्टी करतो.

एक, बायपास करून बघतो, पण आवाज सारखा करून. कॉम्प्रेसर चालू असताना मेकअपमुळं आवाज १ डीबी जरी मोठा असला तरी कानाला तो चांगलाच वाटतो. आधी पातळी जुळवा, मग तुलना करा.

दोन, एकेक कॉम्प्रेसर बंद करतो. बंद केल्यावर काय बिघडलं ते सांगता आलं तर तो राहतो. काहीच फरक पडला नाही तर जातो. दोन लावायचे म्हणून लावायचे नसतात. पेटीचा ट्रॅक पुष्कळदा मुळातच सरळ असतो, त्याला एकही लागत नाही.

तीन, मोबाईलच्या स्पीकरवर, अगदी बारीक आवाजात, दुसरं काहीतरी काम करत ऐकतो. पहिली हळू ओळ शब्दाशब्दांनी कळली का? हाक आल्यावर हात आवाज कमी करायला गेला का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही आलं की मिक्स बऱ्यापैकी जमलं.

चार, डोळे मिटून फक्त श्वास ऐकतो. श्वास शब्दापेक्षा मोठा लागत असेल तर दाब जास्त झालाय. श्वास अजिबातच ऐकू येत नसेल तर कोणीतरी साफसफाईच्या नादात माणूस पुसून टाकलाय. म्हातारा गायक हाकेच्या आधी जो दम घेतो, तो गाण्याचाच भाग असतो. त्यावरून कळतं, पुढं काहीतरी मोठं येतंय. आणि हाक आली की ती बाकीच्या गाण्यापेक्षा मोठी लागलीच पाहिजे. म्हणून आपण अंतर ९ डीबी ठेवलं, शून्य केलं नाही. मशीनला शून्य करणं फार सोपं आहे, पण मग हाक आणि कुजबुज एकाच उंचीची होते, आणि मंडपात अंगावर काटा आला होता तिथं मोबाईलवर काहीच होत नाही.

तर आजचा गृहपाठ. मोबाईलमध्ये घरातल्या कोणाचंतरी भजन, ओवी, पाळणा, काहीतरी असेलच. त्याची एक प्रत काढा. मूळ फाईलला हात लावू नका, ती तशीच जपून ठेवा. प्रतीवर आधी हातानं टोकं खाली घ्या, मग चपळ ३ डीबी, मग संथ ३ डीबी. ज्यांचा आवाज आहे ते घरात असतील तर त्यांना ऐकवा. त्यांना कॉम्प्रेसर कळत नाही, पण आपला आवाज आपलाच राहिला की नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही.

पुढच्या भागात ईक्यू: टाळेची धार कमी करायची, पण टाळ घालवायची नाही, ते कसं. तोवर राम कृष्ण हरी, मंडळी.